आरोग्याचे आकडे आणि देशादेशांतील तुलना

भारतात दरवर्षी हजार लोकांमागे सुमारे सहा माणसे मरण पावतात. जपानमध्ये हे प्रमाण कोविडच्या आधी, २०१९ सालीच, अकराच्या वर गेले होते. तरीही जपानी माणूस सरासरी ८४ वर्षांच्या आसपास जगतो आणि भारतीय माणूस ७०. या विसंगतीचे कारण वयात आहे. जपानमध्ये दर शंभरातील २८हून अधिक माणसे पासष्टी ओलांडलेली आहेत. भारतात तरुणांचा भरणा मोठा आहे. म्हाताऱ्या देशात मृत्यू जास्त होणारच. हेच भारतातल्या भारतातही दिसते. २०२० साली केरळचा मृत्युदर हजारी ७ होता आणि बिहारचा ५.४, पण केरळमधील माणूस बिहारमधल्यापेक्षा सरासरी पाच-सहा वर्षे जास्त जगतो. हजार लोकांमागील मृत्यूंची ही साधी संख्या म्हणजे स्थूल मृत्युदर. दफनभूमीसाठी किती जागा लागेल हे ठरवायला तो उपयोगी पडतो, आरोग्याची तुलना करायला नाही.

यावर उपाय म्हणून संख्याशास्त्रज्ञ प्रत्येक वयोगटाचा मृत्युदर वेगळा काढतात आणि मग सर्व देशांची लोकसंख्या एकाच काल्पनिक वयोरचनेची आहे असे धरून ते दर पुन्हा एकत्र करतात. जागतिक आरोग्य संघटनेने अशी एक प्रमाण लोकसंख्या ठरवून दिली आहे. हा हिशेब केला की जपान आणि भारत यांचा क्रम उलटतो. वयाचा परिणाम असा काढून टाकल्याशिवाय कर्करोग, हृदयविकार किंवा मधुमेह यांच्या मृत्यूंची दोन देशांत तुलना करू नये, हा या शास्त्रातला पहिला धडा आहे आणि वर्तमानपत्रांत सर्वाधिक वेळा मोडला जाणारा नियमही हाच.

सरासरी आयुर्मान हा आकडा वयोरचनेच्या या अडचणीतून आपोआप सुटतो, म्हणून तो इतका लोकप्रिय आहे. पण त्याचा अर्थ पुष्कळदा चुकीचा लावला जातो. या वर्षी जन्मलेल्या बाळाला आयुष्यभर याच वर्षीचे वयोगटवार मृत्युदर लागू राहिले तर ते सरासरी किती वर्षे जगेल, एवढेच तो सांगतो. ते भाकीत नसते. अमेरिकेचे आयुर्मान २०१९ साली ७८.८ वर्षे होते आणि २०२१ साली ७६.४ झाले, याचा अर्थ त्या वर्षी जन्मलेली मुले अडीच वर्षे कमी जगणार असा होत नाही. त्या वर्षांतल्या महासाथीचे आणि अमली पदार्थांच्या बळींचे ते प्रतिबिंब आहे. स्वातंत्र्याच्या सुमारास भारताचे आयुर्मान ३२ वर्षांच्या आसपास होते. तेव्हाची माणसे बत्तिशीतच म्हातारी होऊन जात होती, असा समज त्यातून होतो. वास्तविक मुलांचे मृत्यू इतके प्रचंड होते की सरासरी खाली ओढली गेली होती. लहानपण पार केलेली माणसे बत्तिशीच्या बरीच पुढे जगत.

सरासरीच्या या सापळ्यात मोठी माणसेही सापडली आहेत. एडविन चॅडविक यांनी १८४२ साली ब्रिटनमधील कष्टकऱ्यांच्या राहणीवर अहवाल लिहिला. त्यात लिव्हरपूलमधील सधन कुटुंबांत मृत्यूच्या वेळचे सरासरी वय ३५ आणि मजुरांत १५ असे दाखवले होते. मजुरांची दैना खरी होती, पण मोजमाप सदोष होते: ज्या वर्गात मुले जास्त, तिथे मरणाऱ्यांतही मुले जास्त, आणि सरासरी वय आपोआप कमी. एफ. जी. पी. नीसन या विमागणितज्ञाने दोनच वर्षांत ही चूक दाखवून दिली. चॅडविक यांच्या अहवालामुळे सांडपाण्याच्या सुधारणेला मोठा रेटा मिळाला, हेही तितकेच खरे.

देशादेशांची तुलना करायची तर सर्वांनी एकच गोष्ट एकाच नावाने मोजली पाहिजे, ही जाणीव त्याच काळातली. इंग्लंडच्या नोंदणी कार्यालयातले विल्यम फार आणि जिनिव्हाचे मार्क देस्पिन यांच्यावर १८५३ साली ब्रुसेल्स येथील आंतरराष्ट्रीय संख्याशास्त्र परिषदेने मृत्यूच्या कारणांची समान यादी बनवण्याचे काम सोपवले. १८६० साली परिषद लंडनमध्ये भरली, तेव्हा फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी रुग्णालयांच्या नोंदी सगळीकडे एकाच नमुन्यात ठेवाव्यात अशी योजना मांडली. पॅरिसचे झाक बर्तियों यांची कारणांची यादी १८९३ साली शिकागो येथे मान्य झाली. १९४८ साली नव्याने स्थापन झालेल्या जागतिक आरोग्य संघटनेने ती आपल्याकडे घेतली. आज तिची अकरावी आवृत्ती चालू आहे.

यादी एक झाली तरी ती भरणारा डॉक्टर आपल्या देशाच्या सवयीने लिहितो. जपानमध्ये अनेक वर्षे मृत्यूच्या दाखल्यावर 'हृदय बंद पडले' असे कारण लिहिण्याची पद्धत होती. शेवटी प्रत्येकाचेच हृदय बंद पडते, त्यामुळे या कारणातून काहीच कळत नाही. १९९५ साली दाखल्याचा नमुना बदलला आणि अंतिम अवस्थेचे वर्णन कारण म्हणून लिहू नये अशी सूचना दिली गेली. त्याबरोबर जपानच्या आकडेवारीत हृदयविकाराचे मृत्यू एकदम घसरले. जपानी हृदये मात्र आदल्या वर्षीसारखीच होती.

अर्भक मृत्युदर, म्हणजे हजार जिवंत जन्मांमागे वर्षाच्या आत दगावणाऱ्या बाळांची संख्या, हा देशाच्या प्रकृतीचा सर्वांत संवेदनशील निर्देशांक मानला जातो. आईचे पोषण, स्वच्छ पाणी, लसीकरण, बाळंतपणाची सोय हे सगळे त्यात उतरते. भारतात तो १९७१ साली १२९ होता, २०२० साली २८ वर आला. त्या वर्षी केरळ ६ वर, महाराष्ट्र १६ वर आणि मध्य प्रदेश ४३ वर होता. फरक इतके मोठे असतात तेव्हा व्याख्येच्या बारकाव्यांनी चित्र बदलत नाही. पण २ आणि ५ यांची तुलना सुरू झाली की बारकावेच सारे काही ठरवतात.

जागतिक आरोग्य संघटनेच्या १९५० च्या व्याख्येनुसार, गर्भारपण कितीही आठवड्यांचे असो, जन्मल्यावर बाळाने श्वास घेतला, हृदय धडधडले, नाळेत स्पंदन दिसले किंवा स्नायू हलले तर तो जिवंत जन्म. सोव्हिएत संघात नियम वेगळा होता. अठ्ठावीस आठवड्यांआधी जन्मलेले, हजार ग्रॅमपेक्षा हलके किंवा ३५ सेंटिमीटरपेक्षा लहान बाळ सात दिवसांत गेले तर त्याचा जन्मही मोजला जात नसे आणि मृत्यूही. पुढे बाल्टिक देशांनी जागतिक व्याख्या स्वीकारली, तेव्हा त्यांचा कागदावरचा अर्भक मृत्युदर वाढला. आजही अमेरिका बावीस-तेवीस आठवड्यांच्या बाळांची नोंद बहुतेक युरोपीय देशांपेक्षा अधिक काटेकोरपणे करते, त्यामुळे तिचा दर थोडा फुगतो. ओईसीडी ही श्रीमंत देशांची संघटना म्हणूनच बावीस आठवडे किंवा पाचशे ग्रॅम अशी किमान मर्यादा लावून वेगळे आकडे देते. ती मर्यादा लावूनही अमेरिका फिनलंडच्या आणि ऑस्ट्रियाच्या मागेच राहते. उरलेला फरक पहिल्या महिन्यानंतरच्या मृत्यूंमध्ये आहे, म्हणजे बाळ रुग्णालयातून घरी गेल्यानंतर. यावरून अमेरिकेतील नवजात बालकांच्या अतिदक्षता विभागांपेक्षा गरीब अमेरिकी घरांची परिस्थिती तपासण्याची गरज दिसते. तुलना नेटाने केली की ती अशी नेमक्या जागी बोट ठेवते.

सोव्हिएत संघाचाच आणखी एक धागा आहे. तिथला अधिकृत अर्भक मृत्युदर १९७१ साली २२.९ होता आणि १९७४ साली २७.९ झाला. त्यानंतर सरकारने तो प्रसिद्ध करणेच बंद केले. गोर्बाचेव्ह यांच्या काळात तो पुन्हा छापला जाऊ लागला. फ्रेंच लोकसंख्याशास्त्रज्ञ एमान्युएल टॉड यांनी १९७६ साली या वाढीचा आधार घेऊन सोव्हिएत व्यवस्था कोसळणार असे पुस्तक लिहिले. नंतरच्या अभ्यासकांनी दाखवले की या वाढीचा काही भाग मध्य आशियातील प्रजासत्ताकांत जन्म-मृत्यूंची नोंद सुधारल्यामुळे होता. देशांच्या आरोग्याची तुलना करताना पदोपदी भेटणारी अडचण हीच आहे: जो नीट मोजू लागतो तो आकडेवारीत अधिक आजारी दिसतो, आणि जो मोजत नाही तो निरोगी. मोजणी ही म्हणूनच आरोग्यव्यवस्थेच्या बाहेरची गोष्ट नाही. तिचा दर्जा हा त्या व्यवस्थेच्या दर्जाचाच भाग आहे.

भारताने या बाबतीत जगाला शिकवण्यासारखे काही करून ठेवले आहे. सगळ्या जन्ममृत्यूंची नोंदणी होत नाही हे मान्य करून १९६० च्या दशकात नमुना नोंदणी पद्धत उभी केली गेली. निवडक गावांत आणि शहरी वस्त्यांत एक स्थानिक गणक, बहुधा शिक्षक किंवा अंगणवाडी सेविका, वर्षभर जन्म आणि मृत्यू टिपत राहतो. दर सहा महिन्यांनी दुसरा माणूस येऊन घरोघर स्वतंत्रपणे विचारतो. मग दोन्ही याद्या जुळवून पाहतात. जे एकाच यादीत आहे त्याची पुन्हा जागेवर खातरजमा होते. दोन अपुऱ्या याद्यांवरून दोन्हींतून निसटलेल्यांचा अंदाज बांधता येतो, हे गणित सी. चंद्रशेखरन आणि विल्यम एडवर्ड्स डेमिंग यांनी १९४९ साली कोलकात्याजवळच्या सिंगूरमधील नोंदी वापरून मांडले होते. भारताचे मृत्युदर, अर्भक मृत्युदर आणि आयुर्मान आजही याच पद्धतीतून येतात.

मृत्यू झाला हे कळले तरी तो कशाने झाला हे कळत नाही, कारण ग्रामीण भारतात बहुतेक माणसे घरीच, डॉक्टरांच्या देखरेखीविना जातात. २०२० साली देशात नोंदलेल्या मृत्यूंपैकी २२.५ टक्क्यांनाच डॉक्टरांनी प्रमाणित केलेले कारण होते. गोव्यात हे प्रमाण जवळपास पूर्ण आहे. लहान राज्य आणि जुनी नोंदणीपरंपरा यांचा तो परिणाम. इतरत्र मार्ग राहतो तो घरच्यांना सविस्तर विचारण्याचा: ताप किती दिवस होता, थंडी वाजत होती का, झटके आले का, पोट फुगले होते का. या उत्तरांवरून दोन डॉक्टर एकमेकांना न विचारता कारण ठरवतात. टोरांटो विद्यापीठाचे प्रभात झा आणि भारताचे महानिबंधक कार्यालय यांनी २००१ पासून ही पद्धत दहा लाख मृत्यूंपर्यंत नेण्याचे काम हाती घेतले. त्यातून २०१० साली निघालेला निष्कर्ष धक्कादायक होता. सत्तर वर्षांखालील सुमारे दोन लाख माणसे दरवर्षी मलेरियाने मरतात, असे त्यात दिसले. जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज होता १५ हजारांचा. संघटनेने या निष्कर्षावर आक्षेप घेतला, कारण तापाचे मृत्यू मलेरियाच्या खात्यात सहज जातात. वाद मिटला नाही, पण रुग्णालयांच्या नोंदीवरून खेड्यातले मरण मोजता येत नाही हे स्पष्ट झाले. सर्पदंशाबाबत तर शंकेला जागाच कमी होती, कारण साप चावल्याचे घरचे विसरत नाहीत. वर्षाला सुमारे ४६ हजार मृत्यू निघाले. सरकारी नोंदीत ते फार तर काही हजार होते.

महाराष्ट्रातही हा प्रश्न आकडेवारीच्या पुस्तकातून बाहेर आला होता. गडचिरोलीतील 'सर्च' संस्थेचे अभय आणि राणी बंग यांनी गावोगावचे बालमृत्यू स्वतः मोजले. नंतर राज्यातील इतर संस्थांबरोबर केलेल्या 'कोवळी पानगळ' या अभ्यासातून सरकारी नोंदीपेक्षा प्रत्यक्षातले बालमृत्यू कितीतरी जास्त असल्याचे पुढे आले. ज्या गावांत मोजणी नीट झाली, तिथेच आरोग्यदूतांमार्फत नवजात बाळांची घरच्या घरी काळजी घेण्याचा प्रयोग झाला आणि नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी घटल्याचे १९९९ साली 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाले. आधीचा आकडा खरा नसता तर ही घट कोणाला दिसलीच नसती.

अंदाज नेहमी वरच सरकतात असेही नाही. भारतातील एचआयव्हीबाधितांची संख्या २००६ साली ५७ लाख मानली जात होती. गरोदर स्त्रियांच्या दवाखान्यांतील तपासण्यांऐवजी घरोघरच्या पाहणीतील रक्ततपासणीचा आधार घेतल्यावर ती २००७ साली २५ लाखांवर आली. मग कोविड आला. २०२० आणि २०२१ या दोन वर्षांत भारतात अपेक्षेपेक्षा सुमारे ४७ लाख मृत्यू अधिक झाले, असा अंदाज जागतिक आरोग्य संघटनेने मे २०२२ मध्ये दिला. कोविडबळींची अधिकृत संख्या ४ लाख ८१ हजारांच्या आसपास होती. भारत सरकारने संघटनेची पद्धत नाकारली. दोन देशांतील कोविडबळींची तुलना करताना 'कोविड' हा शब्द दाखल्यावर कुठे लिहिला जातो यावर सगळे अवलंबून होते, म्हणून अभ्यासकांनी कारण बाजूला ठेवून एकूण मृत्यू किती वाढले एवढेच पाहिले. ज्या देशांत नोंदणी पूर्ण, तिथे हे गणित सोपे ठरले. जिथे ती अपुरी, तिथे अंदाजावर अंदाज रचावे लागले.

पैशाचे आकडे त्यामानाने पक्के वाटतात, कारण ते हिशेबाच्या वह्यांतून येतात. पण आरोग्यखर्च म्हणजे काय, हे आधी ठरवावे लागते. अंथरुणाला खिळलेल्या वृद्धाला आंघोळ घालणे हा आरोग्यखर्च की समाजकल्याण? ओईसीडी, युरोपीय संघ आणि जागतिक आरोग्य संघटना यांनी २०११ साली एक समान हिशेबपद्धत ठरवली. ब्रिटनने ती लागू केली तेव्हा दीर्घकालीन शुश्रूषेचा खर्च त्यात आला आणि एक पौंडही जास्त न खर्चता त्या देशाचा आरोग्यखर्च राष्ट्रीय उत्पन्नाच्या एका टक्क्याहून अधिक वाढला. आयर्लंडची गोष्ट उलटी. तिथे बहुराष्ट्रीय कंपन्यांच्या ताळेबंदांमुळे राष्ट्रीय उत्पन्न इतके फुगते की त्याच्या तुलनेत आरोग्यखर्च किरकोळ भासतो.

या सगळ्या दुरुस्त्या करूनही अमेरिका वेगळी उठून दिसते. २०२२ साली तिथे माणशी साडेबारा हजार डॉलर, म्हणजे राष्ट्रीय उत्पन्नाच्या सहाव्या हिश्शाइतका खर्च झाला. ओईसीडी देशांची सरासरी पाच हजार डॉलर आणि सुमारे नऊ टक्के होती. अमेरिकी माणूस डॉक्टरांकडे जास्त जातो म्हणून हे होते, असा समज आहे. जपानी माणूस वर्षाला सुमारे बारा वेळा डॉक्टरांकडे जातो, अमेरिकी तीन-चार वेळा. जपानमध्ये हजार लोकांमागे बारा-तेरा खाटा आहेत, अमेरिकेत तीनसुद्धा नाहीत. जेरार्ड अँडरसन, उवे राइनहार्ट आणि सहकाऱ्यांनी २००३ साली दाखवून दिले की फरक सेवांच्या प्रमाणात नसून किमतीत आहे: तेच औषध, तीच शस्त्रक्रिया, तोच खाटेचा दिवस अमेरिकेत महाग पडतो. जपानच्या खाटांबद्दलही घाईने मत बनवू नये. त्यांत दीर्घकालीन शुश्रूषेच्या आणि मनोरुग्णांच्या खाटा मोठ्या संख्येने आहेत.

भारतासारख्या देशासाठी किती खर्च झाला यापेक्षा तो कोणाच्या खिशातून झाला हा प्रश्न मोठा आहे. राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार २०१३-१४ साली एकूण आरोग्यखर्चातील ६४.२ टक्के रक्कम कुटुंबांनी थेट खिशातून दिली होती. २०२१-२२ साली हे प्रमाण ३९.४ टक्के झाले. ही मोठी सुधारणा आहे, पण कुटुंबांचा खर्च राष्ट्रीय नमुना पाहणीतून येतो. या लेख्यांसाठी उपलब्ध असलेली शेवटची मोठी पाहणी २०१७-१८ ची असल्याने नंतरच्या वर्षांसाठी तोच आकडा हिशेबाने पुढे नेलेला आहे. शिवाय ज्या घराने पैशाअभावी उपचारच घेतले नाहीत, त्याचा खिशातला खर्च शून्य नोंदला जातो. हे शून्य आणि मोफत उपचार मिळालेल्या घराचे शून्य आकडेवारीत एकसारखेच दिसते. या शास्त्रातली सर्वांत क्रूर त्रुटी कोणती म्हणाल तर ही.

खर्च आणि आयुर्मान एकाच आलेखावर मांडून कोणती व्यवस्था चांगली हे ठरवण्याचा मोह स्वाभाविक आहे. सॅम्युअल प्रेस्टन यांनी १९७५ साली दरडोई उत्पन्न आणि आयुर्मान यांचा आलेख काढला. गरीब देशांत थोडे उत्पन्न वाढले की आयुष्य झपाट्याने वाढते, श्रीमंत देशांत रेषा जवळजवळ सपाट होते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे ती संपूर्ण रेषा १९३० च्या दशकापासून १९६० च्या दशकापर्यंत वर सरकली होती. तेवढ्याच उत्पन्नात माणसे अधिक जगू लागली होती, कारण लसी, डासनाशके आणि स्वच्छतेचे ज्ञान पसरले होते. डॉक्टरांचा यातला वाटा वेगळा काढणे फार अवघड. ब्रिटिश साथरोगतज्ज्ञ आर्ची कॉक्रन यांनी १९७८ साली अठरा विकसित देशांचे आकडे मांडले, तर जिथे डॉक्टर जास्त तिथे अर्भक मृत्युदरही जास्त निघाला. त्याच गटाला पुढच्या वर्षी वाइन पिणाऱ्या देशांत हृदयविकाराचे मृत्यू कमी आढळले. अठरा बिंदूंच्या आलेखातून माणसांबद्दल निष्कर्ष काढता येत नाही. देशाच्या सरासरीत दिसणारा संबंध त्या देशातल्या व्यक्तींमध्ये असेलच असे नाही, हे विल्यम रॉबिन्सन यांनी १९५० सालीच सिद्ध केले होते.

आरोग्यव्यवस्थेचा वाटा वेगळा काढण्याचा अधिक शहाणा मार्ग अमेरिकी डॉक्टर डेव्हिड रुटस्टाइन यांनी १९७६ साली सुचवला. वेळेवर चांगले उपचार मिळाले तर ज्या आजारांनी माणूस मरायला नको, तेवढेच मृत्यू मोजावेत: अपेंडिक्स, हर्निया, क्षयरोग, बाळंतपणातील मृत्यू, उच्च रक्तदाब. एलेन नोल्टे आणि मार्टिन मकी यांनी या पद्धतीने १९ श्रीमंत देशांची २००२-०३ ची तुलना केली. फ्रान्समध्ये असे टाळता येण्याजोगे मृत्यू सर्वांत कमी आणि अमेरिकेत सर्वांत जास्त निघाले. अमेरिकेने पहिल्या तीन देशांची बरोबरी केली असती तर वर्षाला सुमारे एक लाख एक हजार माणसे वाचली असती. ३२ कारणांवर आधारलेला असाच एक निर्देशांक २०१८ साली १९५ देशांसाठी प्रसिद्ध झाला. त्यात भारत १४५ वा होता, पण गोवा आणि केरळ यांना शंभरपैकी साठहून अधिक गुण होते आणि उत्तर प्रदेश व आसाम चाळिसाच्याही खाली होते. एवढी दरी असताना भारताचा एकच क्रमांक कोणाचेच वर्णन करत नाही.

कर्करोगाच्या बाबतीत आकडे विशेष फसवे होतात. २००७ साली न्यूयॉर्कचे माजी महापौर रूडी जुलियानी यांनी प्रचारात सांगितले की पुरःस्थ ग्रंथीच्या (प्रोस्टेट) कर्करोगातून वाचण्याची शक्यता अमेरिकेत ८२ टक्के आणि इंग्लंडच्या सरकारी सेवेत ४४ टक्के. निदान झालेल्यांपैकी किती वाचतात, असे हे प्रमाण होते. अमेरिकेत रक्ततपासणीने रोग लवकर सापडतो, त्यामुळे मृत्यू त्याच वयात आला तरी निदानानंतरची वर्षे जास्त भरतात. शिवाय ज्यांनी कधीच मृत्यू आला नसता असे कर्करोगही त्यात धरले जातात. दोन्ही देशांत या रोगाने मरणाऱ्यांचे लाखातले प्रमाण जवळपास सारखेच होते. दक्षिण कोरियात तपासण्यांची लाट आल्यावर १९९३ ते २०११ या काळात गलग्रंथीच्या (थायरॉइड) कर्करोगाचे निदान पंधरा पट झाले. एका वर्षात चाळीस हजारांहून अधिक रुग्ण, आणि मृत्यू मात्र पूर्वीइतकेच, वर्षाला सुमारे चारशे. हजारो निरोगी माणसांच्या गळ्यावर शस्त्रक्रिया झाल्या. जगण्याचे प्रमाण पाहणाऱ्याला हे यश वाटेल.

याचा अर्थ जगण्याचे प्रमाण निरुपयोगी असा नाही. २०१० ते २०१४ या काळात स्तनाच्या कर्करोगानंतर पाच वर्षे जगणाऱ्या स्त्रिया अमेरिकेत ९० टक्के होत्या आणि भारतात ६६. इतकी मोठी तफावत लवकर निदानाच्या भ्रमातून येत नाही. ती उशिरा सापडणारी गाठ आणि अर्ध्यावर सुटणारे उपचार यांतून येते. भारताचा हा आकडा निवडक नोंदवह्यांवर उभा आहे. त्यांपैकी देशातली पहिली ग्रामीण नोंदवही १९८७ साली सोलापूर जिल्ह्यातील बार्शी येथे सुरू झाली. तिचे कार्यकर्ते रुग्ण शोधत गावोगावी फिरले, लक्षणे समजावून सांगत राहिले, आणि काही वर्षांत गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या स्त्रिया आधीच्या टप्प्यावर दवाखान्यात येऊ लागल्या.

माणसांना थेट विचारून केलेली तुलना सर्वांत निसरडी. अमर्त्य सेन यांनी २००२ साली लक्ष वेधले की आजारपणाच्या तक्रारी केरळमध्ये भारतात सर्वाधिक आणि बिहारमध्ये सर्वांत कमी असतात, आणि अमेरिकेत त्या केरळपेक्षाही जास्त. शिकलेला, दवाखाना जवळ असलेला माणूस आपला आजार ओळखतो. ज्याला उपचार मिळणारच नाहीत तो वेदनेलाच आयुष्याचा भाग समजतो. जपानमध्ये स्वतःची प्रकृती चांगली म्हणणारे निम्म्याहून कमी असतात, अमेरिकेत दहापैकी आठांहून जास्त. प्रश्नावलीतील पर्यायांची मांडणीही दोन्हीकडे वेगळी असते.

या सर्व मोजमापांना एकत्र बांधून देशांना क्रमांक देण्याचा सर्वांत मोठा प्रयत्न जागतिक आरोग्य संघटनेने २००० साली केला. ख्रिस्तोफर मरे आणि हुलिओ फ्रेंक यांनी त्याची आखणी केली होती. आरोग्याची पातळी, तिची विषमता, व्यवस्था लोकांशी किती आदराने वागते, आणि खर्चाचा बोजा किती न्याय्य वाटला जातो, हे सगळे वजने लावून मिसळले गेले. १९१ देशांत फ्रान्स पहिला, इटली दुसरा, अमेरिका ३७ वी, श्रीलंका ७६ वी, भारत ११२ वा आणि ब्राझील १२५ वा ठरला. त्याच अहवालातील दुसऱ्या यादीत, जिथे देशाच्या कुवतीचा हिशेब न करता फक्त काय साध्य झाले ते पाहिले होते, जपान पहिला आणि अमेरिका १५ वी होती. ब्राझीलने जोरदार हरकत घेतली. लोकांशी वागणुकीबद्दलची माहिती फक्त ३५ देशांतल्या जाणकारांना विचारून मिळवली होती. उरलेल्या देशांचे आकडे गणिताने भरले होते. अहवालाचे मुख्य संपादक फिलिप मस्ग्रोव्ह यांनी २०१० साली जाहीरपणे लिहिले की क्रमवारीसाठी वापरलेल्या आकड्यांपैकी ६१ टक्के प्रत्यक्ष मोजलेलेच नव्हते. संघटनेने अशी यादी पुन्हा काढली नाही.

क्रमवारी कोणत्या गुणाला किती वजन देते यावर निकाल ठरतो. अमेरिकेतील कॉमनवेल्थ फंडाच्या २०१४ च्या तुलनेत अकरा श्रीमंत देशांत ब्रिटन एकूण पहिला आला, कारण सेवा सहज मिळते आणि पैशाअभावी कोणी परत जात नाही. 'निरोगी आयुष्य' या एका निकषावर मात्र तोच ब्रिटन दहावा होता.

देशांच्या रांगेपेक्षा एकाच देशातील आधी आणि नंतरची तुलना पुष्कळदा अधिक शिकवते. थायलंडने २००१ पासून तीस बाट शुल्कात उपचार देणारी योजना आणली. त्याआधी खिशातला खर्च एकूण आरोग्यखर्चाच्या सुमारे एक तृतीयांश होता. पुढे तो दहा-बारा टक्क्यांच्या आसपास आला. जोनाथन ग्रुबर आणि सहकाऱ्यांनी २०१४ साली प्रांतवार अर्भक मृत्युदर तपासले. योजनेआधी जो प्रांत गरीब तिथे बाळे जास्त दगावत होती. योजनेनंतर गरिबी आणि बाळांचे मृत्यू यांतला हा संबंध जवळजवळ नाहीसा झाला. देश तोच, व्याख्या त्याच, नोंदणीची पद्धतही तीच असल्याने बदललेली गोष्ट वेगळी काढणे शक्य झाले. दुसऱ्या देशात तशीच योजना तोच परिणाम देईल का, हे मात्र त्या देशात किती ग्रामीण दवाखाने आधीच उभे आहेत यावर ठरते. थायलंडने ते १९७० च्या दशकापासून जिल्हा पातळीपर्यंत उभारत नेले होते.